एकवीस किलोमीटरचं बेट आणि दहा मीटरची दोरी

मागच्या अंकात मी आमच्या फिरायच्या जागेबद्दल थोडंसं लिहिलं होतं, व्हिएन्नात डॅन्यूब नदीच्या मधोमध जे लांबलचक बेट आहे ना, डोनाउइन्झेल, तिथल्या उत्तरेकडच्या टोकाबद्दल, जिथे मी आणि आमची कुत्री चिंगी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी जातो. त्यावर एवढे प्रश्न आले की या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत.

ताई, आम्ही नाशिकहून सहा महिन्यांपूर्वी व्हिएन्नाला आलो, सोबत आमचा चार वर्षांचा गावठी कुत्रा बंड्या. तिकडे तो सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर मोकळा पळायचा. इथे फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखा झालाय. तुमच्या लेखातली जागा वाचून गेल्या रविवारी बेटावर गेलो आणि मोकळा सोडला, तर एका सायकलवाल्या आजोबांनी थांबून खूप सुनावलं, आम्हाला निम्मं कळलं नाही. बेटावर कुत्रा सोडायचा नाही का? मग जायचं कशाला?

दादा, आधी आजोबांचं सांगते, ते चुकले नव्हते. रागावले असतील, पण चुकले नव्हते. व्हिएन्नाचा नियम असा की रस्त्यावर आणि सार्वजनिक जागी कुत्र्याला एकतर लीश पाहिजे नाहीतर मुसकं (आपण बैलाला बांधतो तसलंच, इकडे माउलकोर्ब म्हणतात), आणि बागांमध्ये, पाटी लावलेल्या हिरवळींवर लीशच पाहिजे, मुसकं घालून मोकळं सोडलं तरी चालत नाही. मेट्रोत किंवा ट्राममध्ये दोन्ही, लीश पण आणि मुसकं पण. पूर्ण मोकळं सोडायला वेगळ्या जागा ठरवलेल्या आहेत, त्यांना हुंडेत्सोने म्हणतात, बेटावरही आहेत. पाटीवर कुत्र्याचं चित्र असतं. तिथे सोडा, हवा तेवढा सोडा.

आता तुम्ही रविवारी गेलात, ते पण मला वाटतं यू-वन मेट्रोच्या डोनाउइन्झेल स्टेशनला उतरून गेलात, कारण नवीन आलेला प्रत्येक जण तिथेच उतरतो. तो बेटाचा सगळ्यात गजबजलेला भाग आहे हो. राइशब्र्युके पूल डोक्यावर, खाली हॉटेलं, स्केटिंगवाले, पोरं, बॉल, बार्बेक्यू, आणि सायकली तर विचारूच नका, कारण डॅन्यूबच्या काठाने देशोदेशी जाणारा जो मोठा सायकल मार्ग आहे त्यातले बरेच लोक बेटावरूनच जातात. बंड्याने आयुष्यात एवढ्या सायकली एकत्र पाहिल्या नसतील. तो पळत सुटला असेल तर त्याचा दोष नाही, पण सायकलवाला पडला असता तर?

बेट २१ किलोमीटर लांब आहे आणि रुंदी बघाल तर जास्तीत जास्त अडीचशे मीटर. म्हणजे एक लांब पट्टीच म्हणा. मधला भाग सोडून वर किंवा खाली चालत राहिलात की अर्ध्या तासात माणसं विरळ होतात. मी जाते ती जागा उत्तरेला, नॉर्डब्र्युके पुलाच्याही वरच्या अंगाला. समोर पलीकडच्या काठावर लिओपोल्ड्सबर्ग आणि कालेनबर्गचे डोंगर, उतारावर द्राक्षाचे मळे, अलीकडे नदी, आणि बेटावर नुसतं गवत आणि झाडी. तिथे सकाळी साडेसहाला गेलं तर तासाभरात चार माणसं भेटतात आणि चौघांकडे कुत्रे असतात, एकमेकांच्या कुत्र्यांची नावं पाठ आहेत, माणसांची नावं मात्र माहीत नाहीत, "मॉर्गन" म्हणायचं आणि पुढे जायचं. कुत्र्याला फिरवायला नेणं याला इथले जुने लोक एक खास व्हिएन्नी शब्द वापरतात, ऑयसर्ल्न, म्हणजे बाहेर जाऊन येणं, पुस्तकातल्या जर्मनमध्ये हा शब्द मिळणार नाही पण बेटावर रोज कानावर पडतो.

तिथेही मी चिंगीला मोकळं सोडत नाही. माझ्याकडे दहा मीटरची दोरी आहे, इकडे श्लेप्लाइने म्हणून मिळते, जमिनीवर फरफटत जाणारी दोरी. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण कुत्रा पूर्ण वेगात पळाला आणि दोरी संपली की सगळा झटका मानेला बसतो. हातात मोजे घाला, नाहीतर दोरी सुर्रकन गेली की तळहात सोलवटतो, माझा पहिल्याच आठवड्यात सोलवटला होता. सरावाला आठ पंधरा दिवस लागतात, दोरी झाडात अडकते, पायात येते, चिडचिड होते, पण मग एक दिवस लक्षात येतं की कुत्रा दोरी विसरलाय. आणि तुम्हीच बघा बंड्या काय करतो ते. पळणार फार थोडं. दहातली आठ मिनिटं नाक जमिनीला. आपल्याला वाटतं कुत्र्याला पळायला मैदान हवं, मला पण वाटायचं, पण नाशिकच्या त्या रिकाम्या प्लॉटवर बंड्या खरं काय करायचा ते आठवून बघा, कोण येऊन गेलं, कोणी काय टाकलं, कुठली मांजर कुठून गेली हेच तपासत बसायचा ना? फ्लॅटमध्ये त्याचं तेच बंद झालंय. एक तास सावकाश, त्याला पाहिजे तिथे थांबत, हुंगू देत चाला, ओढू नका, घाई करू नका, फोन खिशात ठेवा. घरी आल्यावर जो झोपेल ना, तशी झोप तासभर बॉल फेकूनही येत नाही. म्हणून जायचं बेटावर.

अजून एक. बेटाच्या उत्तर भागात गेली काही वर्षं उन्हाळ्यात मेंढ्या चरायला असतात, मशीनने गवत कापण्याऐवजी मेंढ्यांकडून चारून घेतात म्हणजे फुलं, किडे, फुलपाखरं टिकतात. तारेचं कुंपण असतं. आपल्या गावठी कुत्र्यांनी गावाकडे मेंढ्या बघितलेल्या असल्या तरी कुंपणाजवळ दोरी आवळून घ्या. ससे, हरणं पण आहेत, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, त्यांच्यासाठी तर एप्रिल ते जूनमध्ये सुटलेला कुत्रा म्हणजे घरात शिरलेला दरोडेखोर.

आणि कागदपत्रं झाली का सगळी? आपल्या लोकांचं इथे राहतं म्हणून विचारते. व्हिएन्नात कुत्र्याची नोंदणी, वार्षिक कर, चिपची सरकारी नोंद आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स, ७ लाख २५ हजार युरोचा तरी, हे सगळं सक्तीचं आहे. नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांना २०१९पासून चार तासांचा एक कोर्सही करावा लागतो. कोर्स कंटाळवाणा असेल असं वाटून जाऊ नका हं, मला त्यातून कुत्र्यांची भाषा कळायला खूप मदत झाली. आणि तिकडून येताना काट्यांचा पट्टा आणला असेल तर तो टाकून द्या, ऑस्ट्रियात काट्यांचे आणि शॉक देणारे पट्टे कायद्याने बंद आहेत, आणि बरंच आहे बंद आहेत ते.

नमस्कार, आम्ही पुण्यात असतो, मिस्टरांची व्हिएन्नाला बदली होतेय, दोन महिन्यांत निघायचंय. आमची सहा वर्षांची देशी कुत्री राणी, तिला सोबत नेणारच. तुमचं बेट वाचून तर मी तिला तिथे धावताना बघायलाच लागले. काय काय तयारी करू?

ताई, वाईट बातमी आधी. दोन महिन्यांत राणी नाही येऊ शकणार, पण धीर सोडू नका, फक्त क्रम नीट लावा, कारण यात क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. आधी मायक्रोचिप. चिप बसल्यावर रेबीजची लस, आधी दिलेली असली आणि चिप नंतर बसवली असेल तर ती लस धरत नाहीत, परत द्यावी लागते. लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा, तो युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच तपासायचा, अँटीबॉडी ०.५ किंवा त्याहून जास्त यायला पाहिजे. आणि रक्त घेतलं त्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, मगच प्रवास. भारत रेबीजच्या बाबतीत त्यांच्या सुरक्षित देशांच्या यादीत नाही म्हणून हे तीन महिने, त्यात ओळख, विनंती काही चालत नाही. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, ते युरोपात पोचेपर्यंत दहाच दिवस धरतात, म्हणून ते अगदी निघताना. तुमच्यासाठी प्राण्यांच्या क्वारंटाइन खात्याचं जवळचं ऑफिस मुंबईला.

म्हणजे आज सुरुवात केलीत तर धरून चाला चार ते पाच महिने. मिस्टरांना पुढे जाऊ दे, तुम्ही राणीबरोबर मागून या, किंवा कोणीतरी जवळचं तिला तेवढे दिवस सांभाळेल. एजंट "एक महिन्यात करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, विमानतळावर कागद कमी निघाले तर भोगावं लागतं ते तुम्हाला आणि राणीला.

दरम्यान एक काम रोज करा, पिंजऱ्याची सवय. दार उघडं ठेवून आत जेवण द्यायचं, मग झोपू द्यायचं, मग दोन मिनिटं दार बंद, मग दहा. आणि मुसक्याची सवय पण तिकडेच लावा, आतून थोडं दही चोपडा आणि चाटू द्या, पंधरा दिवसांत स्वतःहून तोंड घालते. इथे आल्यावर मेट्रोने बेटावर जायचं तर ते लागणारच.

माझा लॅब्रॅडॉर जूनमध्ये बेटावरून आला आणि रात्रभर डोकं झटकत होता, सकाळी एक कान खाली पाडून बसला. डॉक्टरांनी भूल देऊन कानातून गवताचा तुकडा काढला. गवताने एवढं होतं? आणि गोचिडांचं काय करायचं, प्रत्येक फेरीनंतर दोन तरी सापडतात.

होतं, आणि तुमचा वेळेत निघाला हे नशीब. आपल्याकडे माळावर कुसळी गवत असतं, पायमोजाला चिकटून घरभर येतं, ते आठवा. इथे रानटी सातूसारखं एक गवत आहे, मे-जूनपासून सुकायला लागतं, त्याच्या कुसळाला उलटे काटे असतात, म्हणजे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात गेलं की पडद्यापर्यंत, नाकात गेलं की एकामागोमाग एक शिंका, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोटांच्या मधल्या कातडीतून आत शिरून पायात वर वर सरकतं आणि तिथे गळू होतं. चिंगीचं असंच झालं होतं, ती नुसता पाय चाटायची, एका ठिकाणी दाखवलं तर "ॲलर्जी आहे" म्हणून मलम दिलं, आठ दिवसांनी पायावर लिंबाएवढी गाठ आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी कापून कुसळ काढलं. दोन सेंटिमीटरचं होतं. तो आठवडा मी विसरू शकत नाही, आठ दिवस ती मला पाय दाखवत होती आणि मी मलम लावत होते.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा, मे ते ऑगस्ट उंच वाळक्या गवतात नाही, कापलेल्या पट्ट्यातून किंवा पाण्याच्या कडेने चालायचं, आणि घरी आल्यावर उंबऱ्यातच बसून चारी पायांची बोटं उघडून बघायची, कानाच्या आत, काखेत, शेपटीच्या खाली. बोटांमधले केस कातरून ठेवायचे. लॅबचे कान पडलेले असतात त्यामुळे तुम्हाला जास्त जपायला पाहिजे. एक शिंक आली तर ठीक, दहा आल्या की त्याच दिवशी डॉक्टर.

गोचिडांचं जरा जास्त सांगते कारण इथे आपली सवय उलटी पडते. आपल्याकडे गोचीड म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा. इथे नदीकाठच्या जंगलातला एक गोचीड आहे, पाठीवर नक्षी असलेला, तो थंडीतही हिंडतो, बर्फ नसला आणि हवा थोडी उबदार झाली की डिसेंबरात पण चिकटतो. त्याच्यातून बबेसियोसिस होतो, पूर्व ऑस्ट्रियात हा रोग पक्का बस्तान मांडून आहे. कुत्रा अचानक मलूल झाला, ताप, हिरड्या पांढऱ्या, लघवी चहासारखी गडद, यातलं काहीही दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, रात्री असेल तर रात्रीच इमर्जन्सीला न्यायचं आणि "बेटावर फिरतो, गोचीड सापडला होता" हे स्वतःहून सांगायचं. गोळी किंवा पट्टा जे काही गोचिडांसाठी वापरता ते बारा महिने चालू ठेवा, थंडीत बंद करू नका. आणि सापडलेला गोचीड तेल लावून, काडीने जाळून काढायचा हे आपल्याकडचे उपाय विसरा, त्याने तो उलट आतलं सगळं रक्तात ओकतो. चिमट्याने कातडीला चिकटून धरायचा आणि सरळ ओढायचा.

तुमच्या लॅबला पाणी आवडत असणार म्हणून हेही लिहिते. बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळी पाणी आहेत. एका बाजूला खरी डॅन्यूब, जहाजं जातात, ओढ जबरदस्त, काठाला मोठे मोठे दगड, आणि जहाज गेलं की मागून लाट येते. तिथे कुत्र्याला पाण्यात घालू नका, कितीही पोहणारा असू दे, दगडांवरून वर चढताच येत नाही. दुसऱ्या बाजूला नॉये डोनाउ, नवी डॅन्यूब, ती एरवी तळ्यासारखी संथ असते. पोहायला देऊ शकता ते तिकडे, तेही माणसांच्या पोहायच्या जागा आणि कुत्र्यांना मनाई असलेल्या जागा सोडून. उन्हाचे दिवस लांबले आणि पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर पाण्याला तोंडसुद्धा लावू देऊ नका. प्यायला वाटीभर पाणी सोबत न्या, नाहीतर बेटावर नळ आहेत, त्यांना येणारं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं, थंडगार, माणसांनी पण प्यावं. फक्त थंडीत ते नळ बंद असतात.

तुमच्या लेखाखाली पिशवीबद्दल एवढं कशाला लिहिलं होतं? बेट एवढं मोठं आहे, झाडीत केली शी तर खत होतं. आपण गावाकडे कुठे उचलतो?

नाही होत खत. शेणाचं होतं, कारण गाय गवत खाते. मांस आणि तयार खाद्य खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात, ती मातीत महिनोन् महिने राहतात, त्या मातीत पोरं खेळतात, मेंढ्या चरतात. इथे ठिकठिकाणी पिशव्यांचे डबे आहेत, फुकट. वर पाट्या असायच्या, त्यावर कुत्र्याच्या तोंडी एक यमक, "नीम आइन झाकर्ल फ्यूर माइन गाकर्ल", म्हणजे माझ्या शीसाठी एक पिशवी घे. शहरातल्या लहान पोरालाही ते पाठ आहे. पिशवी कचरापेटीत टाकायची, झाडीत गाठ मारून ठेवून जायची नाही, तसं करणारे पण आहेत. त्या पेट्यांमधला कचरा जाळून शहरातली घरं गरम करतात, म्हणजे टाकलेली पिशवीही कुठेतरी कामाला येते. मी व्हिएन्नात आले तेव्हा जुनी माणसं सांगायची की पूर्वी फुटपाथवर खाली बघून चालावं लागायचं. आता बेटावर पोरं अनवाणी पळतात. कुत्र्यांना अजून सगळीकडे येऊ देतात ते याच्याच जोरावर, तेव्हा याबाबतीत मी ऐकणार नाही कोणाचं.

मी सहावीत आहे, ठाण्याला राहतो. आईने तुमचा लेख वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की बेट माणसांनी बांधलं. कसं बांधलं? आणि पूर आला की चिंगी आणि तिथले प्राणी कुठे जातात?

बाळा, या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुझा.

डॅन्यूबला फार मोठे पूर यायचे. दीडशे वर्षांपूर्वी, १८७० ते १८७५मध्ये लोकांनी वळणं घेणारी नदी सरळ केली, पण तरी पूर येतच राहिले, १९५४ला तर खूप मोठा आला. मग ठरवलं की नदीच्या शेजारी अजून एक नदी खणायची. १९७२ला काम सुरू झालं आणि १९८८पर्यंत चाललं, सोळा वर्षं! दुसरी नदी खणताना जी माती निघाली ती टाकायची कुठे? दोन नद्यांच्या मधेच टाकली. तेच आमचं बेट. म्हणजे बेट हवं होतं म्हणून नाही बांधलं, खड्डा खणला म्हणून बेट झालं. मग त्यावर लाखो झाडं झुडपं लावली.

नव्या नदीच्या वरच्या तोंडाला दरवाजे आहेत. एरवी ते बंद, म्हणून तिथलं पाणी संथ, लोक पोहतात. मोठ्या नदीत पाणी वाढलं की दरवाजे उघडतात आणि अर्धं संकट इकडून निघून जातं. एरवी डॅन्यूबमधून व्हिएन्नात सेकंदाला साधारण १,९०० घनमीटर पाणी जातं, आणि दोन्ही नद्या मिळून १४,००० घनमीटर वाहून नेतील असा हिशोब केलाय. एवढा आकडा का? कारण १५०१ साली एवढा मोठा पूर आला होता, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा पूर धरून बांधलंय. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आता तुझ्या सोसायटीची टाकी किती हजार लिटरची ते विचार आणि एका सेकंदात किती टाक्या भरतील गुणाकार करून बघ.

सप्टेंबर २०२४ला असा पूर मी डोळ्यांनी बघितला. चार दिवस धो धो पाऊस, शहरातली एक छोटी नदी तर एवढी चढली की मेट्रोचे मार्ग बंद करावे लागले. आमची नेहमीची संथ बाजू तपकिरी होऊन पळत होती, झाडांचे ओंडके वाहत चाललेले. आम्ही बेटावर गेलो नाही, जायचंच नसतं अशा वेळी, लांबूनच पाहिलं. चिंगी घरी गॅलरीत बसून नुसती हवेत नाक करून हुंगत होती.

आणि प्राणी? बेटाच्या कडा सखल आहेत, त्या पाण्याखाली जातात, पण मधला कणा उंच आहे, हरणं, ससे तिथे वर येतात. तिथे बीव्हर पण राहतात, मोठे उंदरासारखे, चपट्या शेपटीचे, दातांनी झाडं पाडणारे. त्यांच्या बिळांची तोंडं पाण्यातच असतात, पोहण्यात पटाईत असतात, बीळ भरलं की तेही वर येऊन बसतात. आणि म्हणूनच पूर ओसरल्यावर पहिले बरेच दिवस आम्ही चिंगीला तिकडे नेलं नाही, ते सगळे आधीच दमलेले, घाबरलेले, त्यात कुत्र्यांची भर कशाला. दोन आठवड्यांनी गेलो तर पायवाटेवर बोटभर गाळ वाळून तडकलेला, आपल्याकडे तळं आटल्यावर दिसतो तसा, आणि त्यात बीव्हरच्या पायांचे ठसे. चिंगी प्रत्येक ठशापाशी थांबली. त्या दिवशी दोनशे मीटर जायला आम्हाला एक तास लागला.

मी साताऱ्याची. लेकीकडे व्हिएन्नाला तीन महिने आलेय. लेक जावई दोघं कामाला, त्यांचा कुत्रा फिरवायचं काम माझ्याकडे आलंय, मोठा आहे पण गुणी आहे. बेट घरापासून दहा मिनिटांवर. पण मला जर्मन येत नाही, वाट चुकायची भीती वाटते, आणि दुसरे कुत्रे अंगावर आले तर काय करू? लेक म्हणते नको जाऊस.

आजी, जा तुम्ही. लेकीला माझं नाव सांगा.

वाट चुकायला बेटावर जागाच नाही, दोन्ही बाजूंना पाणी आहे. ज्या पुलावरून आलात तो लक्षात ठेवा, त्याचा एक फोटो काढून ठेवा, तेवढं पुरे. पहिले चार दिवस एकच ठरलेली फेरी, पुलापासून पंधरा मिनिटं पुढे आणि तशाच मागे, कुत्र्याला पण तीच सवय होते आणि विसरलात तर तोच घेऊन येतो परत. सकाळी जा. सायकलींच्या डांबरी रस्त्यावरून चालू नका, बाजूला खडीची पायवाट असते तिथून. कुत्रा आपल्या त्या बाजूला ठेवा जिकडे सायकली नाहीत. लीश मनगटाला गुंडाळायची नाही हं आजी, मोठा कुत्रा आहे, एकदम ओढलं तर पडाल, नुसती मुठीत धरा, सुटली तर सुटली. दहा मीटरची दोरी तुम्हाला नको, दीड दोन मीटरची साधी चांगली.

समोरून कुत्रा आला तर थांबायचं, आपला कुत्रा आपल्या मागच्या बाजूला घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बिटे आनलाइनन!" म्हणजे कृपया लीश लावा. एवढं एकच वाक्य पाठ करा. साताऱ्याच्या आवाजात म्हणालात तर पलीकडच्या काठापर्यंत जाईल. समोरच्याने स्वतः लीश आखडून घेतली की हसून "डांके" म्हणा. बाकी बोलायची गरज पडत नाही, कुत्रा सोबत असला की लोक आपणहून मान हलवतात.

तिथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे अवघडल्यासारखं होणार नाही. उन्हाळ्यात बेटाच्या दोन्ही टोकांना लोक कपड्यांशिवाय ऊन खायला झोपतात, त्यासाठी राखलेल्या जागा आहेत, एफकेके अशी पाटी असते, इथे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ती पाटी दिसली की मागे फिरा, बस. उन्हाळ्यात, बहुतेक जूनमध्ये, तीन दिवस बेटावर फुकट गाण्यांचा प्रचंड मोठा उत्सव असतो, १९८४पासून चालू आहे, त्या आठवड्यात मधल्या भागात अजिबात जाऊ नका, नंतरही चार दिवस काचा पडलेल्या असतात. बार्बेक्यूच्या जागांवरून जाताना लीश आखूड धरा, गवतात कोंबडीची हाडं असतात आणि कुत्रे ती गिळतात. आणि थंडीपर्यंत राहणार असाल तर डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, बेटावर बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत, दुपारी दोनला जाऊन या.

पाच सहा दिवस गेलात की तीच तीच माणसं दिसायला लागतील. आमच्या बाजूला एक पोलिश आजी येतात, त्यांनाही जर्मन फारसं येत नाही आणि मला पोलिश येत नाही, पण चिंगीसाठी त्या खिशात सफरचंदाची फोड आणतात, गेली सहा वर्षं. तुम्ही कुठल्या पुलावरून जाता ते लेकीला मला कळवायला सांगा. उत्तरेकडचा असेल तर सकाळी सातला आम्ही तिथेच असतो, चिंगी तपकिरी आहे, एक कान उभा आणि एक पडलेला.